फ्लोरेन्स प्राइस आणि दुसऱ्या प्रयोगाचा प्रश्न

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शिकागोच्या दक्षिणेला सेंट ॲन नावाचे एक छोटे गाव आहे. २००९ साली तेथील एक पडीक घर एका जोडप्याने दुरुस्तीसाठी घेतले. झाड कोसळून छताला भगदाड पडले होते आणि आतही बरीच नासधूस झालेली होती, पण घराच्या कोरड्या राहिलेल्या भागात कागदांच्या चळती होत्या आणि त्यांवर फ्लोरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतरचनाकार स्त्रीचे नाव पुन्हापुन्हा येत होते. हे प्राइस यांचे उन्हाळी घर होते. दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना), चौथी सिम्फनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची, अनेक भागांची मोठी रचना) आणि इतर डझनावारी रचनांची हस्तलिखिते त्या चळतींतून निघाली. प्राइस यांच्यावरचे बहुतेक लेख याच घरापासून सुरू होतात. मीही तिथूनच सुरुवात केली आहे, कारण माझा आक्षेप नेमका याच गोष्टीच्या वापराला आहे.

घर, छत आणि हस्तलिखिते यांविषयी जे सांगितले जाते ते सारे खरे आहे. मात्र ही हकीकत ज्या रीतीने सांगितली जाते, तिच्यातून असे सूचित होते की एका प्रतिभावान स्त्रीचे संगीत नियतीच्या खेळाने हरवले होते आणि दैवयोगाने ते सापडले. असे म्हटले की कोणालाच जबाबदार धरावे लागत नाही. प्रत्यक्षात, प्राइस यांच्या मुलीकडून आलेली काही कागदपत्रे १९७० च्या दशकापासून आर्कान्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती आणि त्यांच्यावरचा अभ्यासपूर्ण लेख १९७७ मध्येच प्रसिद्ध झाला होता. रे लिंडा ब्राउन या संशोधिकेला तिसऱ्या सिम्फनीचे हस्तलिखित येल विद्यापीठाच्या संग्रहात मिळाले. १९८७ मध्ये त्यांनी प्राइस यांच्या वाद्यवृंद-संगीतावर डॉक्टरेट केली आणि नंतरची तीस वर्षे त्याच कामात घालवली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमेन्स फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने २००१ मध्ये तिसरी सिम्फनी ध्वनिमुद्रित केली होती आणि पहिल्या व तिसऱ्या सिम्फनीची संपादित आवृत्ती २००८ मध्ये छापून तयार होती. म्हणजे सेंट ॲनच्या घराचे दार उघडण्याआधीच, ज्याला हे संगीत वाजवायचे होते त्याला ते मिळण्याची सोय झालेली होती. मोठ्या वाद्यवृंदांनी ते मागितले नाही, आणि या विस्मरणाचा जमाखर्च मांडायचा तर पहिली नोंद हीच करावी लागेल.

आपल्याकडची बंदिश गळ्यांमध्ये जगते. गुरूने ती शिष्याला दिली, शिष्याने मैफलीत गायली, की ती पुढे गेली. कागदावर लिहिली नाही तरी तिचे फारसे बिघडत नाही. सिम्फनीचे तसे नाही. ती कागदावर लिहिलेली असली तरी मुकी असते आणि तिला ऐंशी-नव्वद वादक, एक कंडक्टर, सभागृह, तालमींचा खर्च, शिवाय प्रत्येक वादकासमोर ठेवायची त्याच्या वाद्याची स्वतंत्र प्रत एवढे सगळे लागते. या प्रती रचनाकाराने हाताने उतरवायच्या किंवा प्रकाशकाने छापायच्या. प्रकाशक ज्या रचनेला मागणी दिसते तीच छापतो, आणि मागणी तिचे प्रयोग होत राहिले तरच दिसते. हे चक्र एकदा फिरायला लागले की सामान्य रचनाही वर्षानुवर्षे कार्यक्रमपत्रिकेत टिकून राहतात. ते सुरूच झाले नाही, तर पहिल्या प्रयोगाला सभागृह दणाणून गेलेले असले तरी उपयोग होत नाही. फ्लोरेन्स प्राइस यांचे जीवन या दृष्टीने पाहिले तर त्यांचे कोणते संगीत जगले आणि कोणते झाकोळले, याचा बराच उलगडा होतो.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८८७ रोजी आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे झाला. वडील दंतवैद्य, आई संगीतशिक्षिका. वर्णद्वेषाच्या राजवटीतही थोडीफार प्रतिष्ठा मिळवलेले असे हे कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय घर होते. चौदाव्या वर्षी शाळेत पहिली येऊन ही मुलगी १९०३ मध्ये बोस्टनच्या न्यू इंग्लंड कन्झर्व्हेटरीत दाखल झाली. तेथील नोंदणीत तिचे मूळ गाव मेक्सिकोतले लिहिले गेले. गोऱ्या समाजाच्या नजरेत मेक्सिकन मुलगी चालून जाईल, कृष्णवर्णीय मुलीला मात्र त्रास होईल, हा आईचा हिशेब होता. १९०६ मध्ये ऑर्गनवादन आणि पियानो-अध्यापन अशा दोन पदविका घेऊन फ्लोरेन्स बाहेर पडल्या. पुढे त्यांनी दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत शिकवले आणि अटलांटाच्या क्लार्क विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख म्हणून काम केले. १९१२ मध्ये वकील टॉमस प्राइस यांच्याशी लग्न करून त्या लिटल रॉकला परतल्या. तेथे राज्याच्या संगीतशिक्षक संघटनेने त्यांना वर्णामुळे सदस्यत्व नाकारले. १९२७ मध्ये त्याच शहरात एका कृष्णवर्णीय माणसाला झुंडीने ठार मारले आणि त्यानंतर प्राइस कुटुंबाने शिकागोचा रस्ता धरला.

शिकागोत त्यांना पियानो आणि ऑर्गन या दोन वाद्यांनी पोसले. मूकपटांच्या खेळांना त्या ऑर्गनची साथ करीत, रेडिओवरील जाहिरातींसाठी संगीत लिहीत, टोपणनावाने लोकप्रिय गाणी रचत आणि विद्यार्थ्यांना पियानो शिकवीत. १९३१ मध्ये घटस्फोट झाला, पदरी दोन मुली होत्या आणि देशभर महामंदी होती. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांचा पाय मोडला आणि सक्तीच्या विश्रांतीत पहिल्या सिम्फनीचे काम मार्गी लागले. एका मैत्रिणीला लिहिताना त्यांनी म्हटले आहे की कोणीही व्यत्यय न आणता लिहिण्याचे काही मोलाचे दिवस मिळाले खरे, पण पुन्हा पाय मोडण्याचे भाग्य आता केव्हा लाभणार! हा विनोद आहे, पण त्यात कमावत्या, एकट्या आईच्या वेळेचा सगळा हिशेब येतो. स्त्रियांनी सिम्फनी का लिहिल्या नाहीत, असा प्रश्न आजही कधीतरी कुणी विचारतो. त्याला द्यायचे उत्तर या एका वाक्यात तयार आहे.

प्राइस काही काळ एस्टेल बॉन्ड्स यांच्या घरी राहत होत्या. एस्टेल यांची मुलगी मार्गरेट ही पुढे नामवंत पियानोवादक आणि रचनाकार झाली. तिने लिहून ठेवलेली एक आठवण मला या सगळ्या कथेत फार महत्त्वाची वाटते. शिकागोच्या कडाक्याच्या थंडीत, स्वयंपाकघरातील मोठ्या टेबलावर स्वरलिपीचे कागद पसरलेले असत आणि एखाद्या स्पर्धेची मुदत गाठण्यासाठी फ्लोरेन्स आणि मार्गरेट वेगवेगळ्या वाद्यांच्या प्रती उतरवीत बसत. वेळ अगदीच कमी उरला की शहरातील ज्याला ज्याला स्वर लिहिता येत होता असा प्रत्येक कृष्णवर्णीय संगीतकार मदतीला धावून येई. प्रकाशन संस्थेचे पगारी नकलनवीस जे काम करतात ते इथे एका वस्तीने वेठीशिवाय आणि मोबदल्याशिवाय केले. कृष्णवर्णीय रचनाकारांसाठी असलेल्या वॅनामेकर स्पर्धेत १९३२ मध्ये पहिल्या सिम्फनीला ५०० डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले आणि पियानो सोनाटाला २५० डॉलरचे. त्या पारितोषिकांत या टेबलाचाही वाटा होता.

१५ जून १९३३ रोजी शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली ही ई मायनर या स्वरश्रेणीतील पहिली सिम्फनी ऑडिटोरियम थिएटरमध्ये सादर केली. अमेरिकेतील एका प्रमुख वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी वाजवण्याचा हा पहिलाच प्रसंग, हे सगळीकडे लिहिलेले असते. दोन गोष्टी मात्र क्वचित लिहिल्या जातात. जागतिक प्रदर्शनानिमित्त झालेल्या या मैफलीत प्राइस यांच्या संगीताला जागा मिळावी म्हणून मॉड रॉबर्ट्स जॉर्ज या कृष्णवर्णीय संगीतसमीक्षक आणि संघटक बाईंनी पैसे उभे केले होते. वाद्यवृंदाच्या औदार्याचा पुरावा म्हणून जो प्रसंग सांगितला जातो, त्याचे बिल अशा रीतीने एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या पुढाकाराने चुकवले गेले होते. दुसरी गोष्ट अशी की कृष्णवर्णीयांच्या संगीताला वाहिलेल्या त्या संध्याकाळची सुरुवात जॉन पॉवेल यांच्या रचनेने झाली, आणि हे पॉवेल व्हर्जिनियातील आंतरवर्णीय विवाहबंदी कडक करणाऱ्या १९२४ च्या कायद्याचे खंदे पुरस्कर्ते होते. आयोजकांना यात काही विसंगती वाटली नाही.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत कौतुक झाले. ‘शिकागो डेली न्यूज’च्या समीक्षकाने ही रचना निर्दोष असल्याचे म्हटले आणि वाद्यवृंदांच्या नेहमीच्या कार्यक्रमात तिला जागा मिळण्याची तिची योग्यता आहे, असेही लिहिले. ती जागा काही मिळाली नाही. १९५३ मध्ये प्राइस वारल्या तोपर्यंत त्यांच्या एकाही सिम्फनीला देशातील मोठ्या वाद्यवृंदांच्या हंगामी कार्यक्रमात स्थान मिळाले नव्हते.

याच काळात त्यांचे दुसरे संगीत मात्र चांगले फिरत होते. मुलांना पियानो शिकवण्यासाठी लिहिलेल्या छोट्या रचना थिओडोर प्रेसरसारखे प्रकाशक आनंदाने छापत होते, कारण त्यांचे गिऱ्हाईक घरोघरी होते. ऑर्गनच्या रचना शिकागोतील स्त्री ऑर्गनवादकांच्या मंडळात आणि चर्चमध्ये वाजत होत्या. मार्गरेट बॉन्ड्सला अर्पण केलेली ‘फँतासी नेग्र’ ही पियानोरचना एका स्पिरिच्युअलवर, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या पारंपरिक भक्तिगीतावर, उभी आहे. तिला एक पियानो आणि एक पियानोवादक एवढेच पुरे होते. ९ एप्रिल १९३९ या दिवशी तर फार मोठी गोष्ट घडली. वॉशिंग्टनमधील कॉन्स्टिट्यूशन हॉलने वर्णामुळे दार बंद केल्यावर मरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेने लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सुमारे ७५,००० लोकांसमोर गायन केले, आणि त्या कार्यक्रमात प्राइस यांनी स्वरसाज चढवलेले ‘माय सोल्स बीन अँकर्ड इन द लॉर्ड’ हे स्पिरिच्युअल होते. योगायोगाने तो प्राइस यांचा ५२ वा वाढदिवस होता. रचनाकार तीच, वर्ण तोच, देश तोच. फरक एवढाच होता की गीताला एका गायिकेचा होकार पुरेसा होता आणि सिम्फनीला एका संस्थेचा होकार लागत होता. पियानो-ऑर्गनच्या रचना आणि गाणी जगली, सिम्फनी पेटीत गेल्या, याचा संबंध त्यांच्या कलागुणांशी कमी आणि परवानगी कोणाच्या हातात होती याच्याशी जास्त आहे.

या मांडणीला एक उलटा पुरावाही आहे. तिसरी सिम्फनी ६ नोव्हेंबर १९४० रोजी डेट्रॉइटमध्ये वाजली, ती महामंदीच्या काळात बेकार संगीतकारांना काम देण्यासाठी सरकारने चालवलेल्या योजनेतील वाद्यवृंदाने वाजवली. त्या योजनेत अमेरिकन रचनाकारांच्या कृती सादर करणे हे धोरणच होते. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी तालीम ऐकून आपल्या वृत्तपत्रीय स्तंभात तिचा प्रशंसेने उल्लेख केला. जेथे सार्वजनिक पैसा होता आणि त्या पैशासोबत स्पष्ट अट होती, तेथे या बाईंची सिम्फनी रंगमंचावर आली. युद्धाच्या काळात योजना गुंडाळली गेली आणि तो दरवाजाही मिटला. सरकारी मदतीने कलेचा दर्जा खालावतो असे मानणाऱ्यांनी या एका उदाहरणाशी तरी नीट झुंजावे.

खासगी दरवाजाचे उदाहरण बोस्टनचे आहे. तेथील वाद्यवृंदाचे संचालक सर्ज कुसेवित्स्की हे समकालीन अमेरिकन संगीताचे मोठे आश्रयदाते समजले जात, आणि ते खोटेही नव्हते. प्राइस यांनी त्यांना काही वर्षे पत्रे लिहिली. ५ जुलै १९४३ च्या पत्राची सुरुवात त्या अशी करतात की मला दोन अडचणी आहेत, लिंगाची आणि वंशाची. मी स्त्री आहे आणि माझ्या धमन्यांत थोडे निग्रो रक्त आहे. वाईटात वाईट काय ते आता तुम्हाला कळलेच आहे, तेव्हा स्त्रीच्या रचनेत भावनाच जास्त असणार आणि विचाराचे वजन कमी, असे मानण्याचा मोह माझे काही काम पाहून होईपर्यंत आवरावा, अशी विनंती पुढे येते. वंशाच्या बाबतीत मला कोणतीही सवलत नको, गुणवत्तेवरच माझी पारख व्हावी, असेही त्या स्पष्ट लिहितात. पत्रात कुठेही रडगाणे नाही. समोरच्याच्या मनातील पूर्वग्रह त्याच्याआधी आपणच उच्चारून टाकण्याचा करारीपणा आणि किंचित उपरोध मात्र आहे. कुसेवित्स्की यांनी त्यांची एकही रचना कधी वाजवली नाही.

आता गुणवत्तेचा प्रश्न, जो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही जाणकार म्हणतात की आजचा हा उत्साह म्हणजे अपराधगंडाची भरपाई आहे. १९३० च्या दशकात युरोप-अमेरिकेत संगीत कुठल्या कुठे गेले असताना प्राइस एकोणिसाव्या शतकातील चेक रचनाकार ड्वोर्झाकच्या वाटेवर रेंगाळत होत्या, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्याचा अंश आहे. ड्वोर्झाकची १८९३ मधील ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीही ई मायनरमध्येच आहे, आणि पहिल्या सिम्फनीच्या सुरुवातीवर तिची सावली दिसते. त्या सिम्फनीचा पहिला भाग मला लांबलेला आणि थोडा सैल वाटतो. पण दुसरा भाग ऐकताना ही तुलना गळून पडते. पितळी वाद्यांचा समूह चर्चमधल्या स्तोत्रासारखा संथ, भारदस्त स्वरसमूह वाजवतो, लाकडी सुषिरवाद्ये त्याला मधूनमधून उत्तर देतात, खाली ढोलाचा दबका ठोका चालू असतो आणि शेवटाकडे घंटानाद मिसळतो. ऑर्गनवर एका नादाची खुंटी (स्टॉप) बंद करून दुसऱ्या नादाची ओढावी तसा इथे वाद्यसमूहांचा रंग बदलतो. आयुष्य ऑर्गनसमोर घालवलेल्या बाईचेच हे लेखन आहे, ड्वोर्झाकला ते सुचले नसते. तिसऱ्या भागात ‘जुबा’ येतो. गुलामांना ढोल बाळगायला बंदी होती तेव्हा हात, मांड्या आणि पाय यांवर ठेका धरून जे नृत्य होई ते हे, आणि प्राइस यांनी त्याला सिम्फनीच्या तिसऱ्या भागाची, म्हणजे युरोपीय परंपरेत मिन्युएट किंवा स्केर्झो या नृत्यवजा भागांची, जागा दिली. तिसऱ्या सिम्फनीत स्वरसंगती बरीच धीट झालेली आहे. माझ्या मते त्यांच्या वाद्यवृंद-रचनांत तीच सर्वांत भक्कम.

माझे मत चुकीचेही असेल. मुद्दा हा आहे की असे मत बनवण्याइतकी संधीच तीन पिढ्यांना मिळाली नाही. सिम्फनीची पारख एका वाचनात होत नसते. निरनिराळे कंडक्टर तिच्या लयी निरनिराळ्या धरतात, हस्तलिखितातील चुका तालमीत सापडतात, कोणता भाग कापावा किंवा कोणता सावकाश घ्यावा हे दहाव्या प्रयोगात कळते. एका भागातच पूर्ण होणाऱ्या प्राइस यांच्या पियानो कॉन्चेर्टोचे उदाहरण घ्या. १९३४ मध्ये त्यांनी स्वतः तो वाजवला, त्याच वर्षी मार्गरेट बॉन्ड्सने शिकागोच्या स्त्री-वाद्यवृंदाबरोबर वाजवला आणि नंतर त्याचा वाद्यवृंदाचा स्कोअरच, म्हणजे सर्व वाद्यांची एकत्र स्वरलिपीच, नाहीशी झाली. २०११ मध्ये ट्रेव्हर वेस्टन यांना उरलेल्या पियानो-प्रतींवरून तो पुन्हा रचावा लागला, आणि मूळ हस्तलिखित हाती आले ते त्यानंतर. दुसरी सिम्फनी तर अजून हरवलेलीच आहे. छापील प्रती निघाल्या असत्या तर ही वेळ आलीच नसती.

१९६४ मध्ये शिकागोतील एका शाळेला फ्लोरेन्स प्राइस यांचे नाव देण्यात आले. पुढे ती शाळाही बंद पडली. नाव देणे सोपे असते. २०१८ मध्ये शर्मर या प्रकाशन संस्थेने त्यांच्या रचनांचे जागतिक हक्क घेतले, त्याच वर्षी चौथी सिम्फनी आर्कान्सातील फोर्ट स्मिथ सिम्फनीने प्रथमच वाजवली, आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या पहिल्या व तिसऱ्या सिम्फनीच्या ध्वनिमुद्रणाला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळाले. यातील फिलाडेल्फियाचे काम मला आदर्श वाटते, कारण त्यांनी एका स्मरणसंध्येवर भागवले नाही. त्याच रचनांकडे ते पुन्हापुन्हा वळले. इतर अनेक ठिकाणी प्राइस यांचे नाव फेब्रुवारीत, म्हणजे अमेरिकेच्या कृष्णवर्णीय इतिहास महिन्यात, किंवा मार्चमध्ये, स्त्रियांच्या इतिहासाच्या महिन्यात, पत्रिकेत दिसते, तेही बहुधा मुख्य रचनेच्या आधीची पंधरा मिनिटे भरण्यापुरते.

मोठे वाद्यवृंद करसवलतींवर आणि देणग्यांवर चालतात, आणि कित्येक देशांत थेट सरकारी अनुदानावर. तेव्हा त्यांच्याकडून मागायचे ते उत्सवी नसावे. अनुदान देताना किती नव्या रचना प्रथम सादर केल्या हे विचारण्याची पद्धत आहे. त्याऐवजी, प्रथम सादर केलेल्यांपैकी किती रचना पाच वर्षांत पुन्हा वाजवल्या, हे विचारावे. पहिल्या प्रयोगाला बातमी मिळते म्हणून त्याला पैसे देणारेही मिळतात; अनुदानाची खरी गरज दुसऱ्या, तिसऱ्या प्रयोगाला, प्रती स्वच्छ करून छापण्याला आणि हस्तलिखिते सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथालयांना असते. स्पर्धांनीही पारितोषिकाच्या रकमेतला काही भाग विजेत्या रचनेच्या वाद्यप्रती छापण्यासाठी राखून ठेवावा. ५०० डॉलर मिळूनही प्राइस यांच्या प्रती स्वयंपाकघरातच उतरवल्या जात राहिल्या. यावर खर्चाचा आक्षेप येईल, तो रास्त आहे, पण एका नामवंत पाहुण्या कलाकाराच्या बिदागीपुढे छपाईचा खर्च काहीच नाही. एखाद्या वाद्यवृंदाने पहिली सिम्फनी ऑक्टोबरातल्या साध्या वर्गणीदार मैफलीत घेतली, दोन हंगामांनी वेगळ्या कंडक्टरच्या हाती पुन्हा दिली, आणि त्यानंतर श्रोत्यांनी व वादकांनी ती नको म्हटली, तर तो निकाल मला मान्य असेल.